पंपाचं प्रेशर पडतंय, काटा थरथरतोय: सील बदलू का?

तुमच्या तीन प्लंजरच्या (आतबाहेर सरकून पाणी ढकलणाऱ्या दांड्यांच्या) पंपाचं प्रेशर २०० बारवरून १४० वर आलंय, काटा नाचतोय आणि आतून खडखड येतेय. अंधेरी एमआयडीसीतला मेकॅनिक सील बदला म्हणतोय. कृपया आधी पंप खोलू नका, सक्शन, म्हणजे पाणी ओढणारी बाजू, बघा.

खडी घुसळल्यासारखा आवाज म्हणजे बहुधा कॅव्हिटेशन (पाणी कमी पडून आत वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात) किंवा आत शिरलेली हवा. पावसाळ्यात आपल्याकडे टाकीत गाळ येतो, स्ट्रेनर (सक्शनची गाळणी) चोंदतो. तो साफ करून सक्शनच्या प्रत्येक जॉइंटवर बोटभर ग्रीस थापा. आवाज बदलला की हवा तिथूनच शिरतेय. शिवडीला एका पंपाचे सील दोनदा बदलून झाले होते. शेवटी मी चालू पंपाचा सक्शन होज हातात धरला, तर मधोमध चपटा झालेला! जाड, आखूड होज लावला, काटा स्थिर झाला.

सक्शन ठीक असेल आणि काटा ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखाद्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय किंवा त्याची सीट (तो टेकतो ती जागा) झिजलीय. काटा स्थिर पण खाली असेल तर नोझल बघा. भोकाचा व्यास १० टक्के वाढला तरी तेवढ्याच प्रवाहाला प्रेशर जवळपास तिसऱ्या हिश्शाने पडतं. ते भरून काढायला अनलोडर (जादा पाणी परत वळवून प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) आवळत बसू नका.

सील खराब असेल तर प्लंजरखालून सतत पाणी ठिबकतं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, लगेच थांबवा.

आणि प्रेशरच्या बाजूची गळती हाताने कधीच चाचपू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.