फिटच्या नव्या औषधाच्या चाचणीत भावाच्या चालू गोळ्या बंद करतील का?

सहसा नाही. मोठ्यांच्या बहुतेक चाचण्यांत चालू गोळ्या तशाच ठेवून वर नवी गोळी देतात, किंवा हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची. कुठली मिळाली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. त्याआधी बऱ्याचदा 8 आठवडे नुसती फिटची वही: तारीख, वेळ, किती मिनिटं, शुद्ध गेली का. ती घरच्यांनी त्याच दिवशी भरावी, कारण पेशंटला फिट आलेली अनेकदा आठवतच नाही. डोस वाढवताना चक्कर, गुंगी जास्त. चाचणी कधीही सोडता येते, पण गोळी परस्पर एकदम थांबवू नका. फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. संमतीपत्रावर सहीआधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. आजरा-गडहिंग्लजहून कोल्हापूरला यायचं असेल तर एसटीभाडं कोण देणार, तेही विचारा.