आधी चोर ओळखा, मग जाळी आणा

दोन कोंबड्या गेल्या म्हणून लगेच बिबट्याचं नाव घेऊ नका. खानापूरकडच्या रानालगतच्या वाड्यांवर पहिला संशय मुंगसावर किंवा उदमांजरावर घ्यावा. भरदिवसा पिल्लं, अंडी गेली तर बहुधा मुंगूस; ते रात्री फिरत नाही. रात्री आढ्यावरून, झाडावरून उतरतं ते उदमांजर. चार-पाच मारून तिथंच टाकलेल्या दिसल्या तर गल्लीतल्या कुत्र्यांकडं बघा. (मालक कबूल करणार नाही, ते सोडा.)

बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, चोराला अडवत नाही. कुत्रं ती फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, महाग पडली तरी. खालून उकरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत गाडा. जांभा लागला तर बाहेरच्या अंगाला जमिनीवर पसरून वर दगड ठेवा. खुराड्याला वरूनही जाळी हवीच. नुसती कडी उचकटते, खिट्टी घाला. दिवे लागायच्या आत कोंबड्या कोंडा, अंडी उचला.

विष मात्र घालू नका. शेजाऱ्याचं कुत्रं मरेल, शिवाय मुंगूस, उदमांजर दोन्हींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि एकदा चव लागलेला चोर परत येतोच, तेव्हा आज रात्री कोंबड्या घरात डालग्याखाली झाका, जाळीचं उद्या बघा.