वाचकांचे प्रश्न : आधी पाठ दाखवा म्हणावं

प्रश्न : ताई, लंडनच्या एका विक्रेत्याने मला ‘सतराव्या शतकातला बुर्साचा रेशमी मखमली अभ्रा’ देऊ केला आहे. (बुर्सा म्हणजे तुर्कस्तानातलं शहर.) किरमिजी लव (मखमलीचे उभे तंतू), त्यावर पंख्यासारखी उघडलेली कार्नेशनची फुलं. रंग अगदी ताजा आहे. त्याने पाठवलेले फोटो फक्त दर्शनी बाजूचे आहेत. माल अस्सल आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : दर्शनी बाजू बघून मी रुमालसुद्धा विकत घेत नाही. त्याला आधी पाठीचे, काठांचे आणि शिवणीचे फोटो पाठवायला सांगा. मागे अस्तर असेल तर एक कोपरा उसवून दाखवायला सांगा. जाणता विक्रेता यात अपमान मानत नाही. कुरकुर करू लागला, तर तिथेच थांबा.

तुम्ही वर्णन केलं आहे त्या मखमलीला तुर्कीत ‘चातमा’ म्हणतात. तिच्यात सगळीकडे लव नसते. फुलांच्या जागा सपाट सोडलेल्या असतात आणि तिथे जरीचा आडवा धागा भरलेला असतो. हा धागा भिंगाखाली जरूर बघा. रेशमाच्या धाग्यावर रुप्याची चपटी पट्टी गुंडाळलेली दिसेल. पट्टी रुपेरी असेल तर आतलं रेशीम पांढरं, सोन्याचा मुलामा दिलेली असेल तर पिवळं. पट्टीचे वेढे थोडे विरळ असल्यामुळे आतला रंग मधूनमधून डोकावतो आणि जरीचा धागा पाहिजे तसा उजळ किंवा उबदार दिसतो. कमी धातूत जास्त झळाळी! मला ही हुशारी फार आवडते. मात्र वापरात ही पट्टी आधी झिजते. त्यामुळे जुन्या अभ्र्यावरची बरीचशी फुलं आज सोनेरी नसतात, नुसत्या पिवळ्या रेशमाची उरलेली असतात. तीनशे वर्षांच्या कापडावर जरीचा धागा अखंड चकाकत असेल तर मला आनंद होण्याआधी संशय येतो.

मग मोजपट्टी घ्या. हे अभ्रे सेदिरवर, म्हणजे भिंतीलगतच्या बैठकीवर, पाठीमागे टेकवायच्या लोडांचे. लांबी साधारण ११० ते १२० सेंमी, रुंदी ६५ सेंमीच्या आसपास आणि दोन्ही टोकांना छोट्या कमानींची ओळ, बहुधा सहा. ती ओळ एकाच टोकाला असेल तर दुसरं टोक कापलं गेलेलं असण्याची शक्यता मोठी. नक्षीची एक आवृत्ती मोजा, मग तीच पुढची मोजा. हातमागावर ठोक कमीजास्त बसतो, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतोच. यंत्रमागाला तशी लहर येत नाही.

मखमल बुर्साची की इटलीची, हा घोळ मात्र खरा आहे. व्हेनिस, फ्लॉरेन्स, जिनोआची मखमल ओस्मानी (ऑटोमन तुर्की) दरबारात जात होती, आणि दोन्हीकडचे विणकर एकमेकांच्या नक्षी सर्रास उचलत. नुसत्या फुलांवरून निवाडा करू नका. इटालियन मखमलीत कधी लव दोन उंचीची असते, कधी जरीचे बारीक फासे वर काढलेले असतात. बुर्साचे विणकर सहसा या भानगडीत पडले नाहीत. इटालियन पन्हाही बहुतेक वेळा अरुंद, ६० सेंमीच्या आत. म्हणून मूळ काठ शाबूत असलेला तुकडा हवा. माझ्याकडे तळहाताएवढा एक तुकडा आहे. त्यावर अर्धंच कार्नेशन, पण एका बाजूला काठ आहे. काठ छाटून चौकटीत बसवलेल्या सुबक तुकड्याशी मी तो बदलणार नाही.

आता ताज्या रंगाबद्दल. शिवणीच्या आत दुमडलेला भाग बघा. तिथे उजेड पोचलेला नसतो, म्हणून तिथला किरमिजी दर्शनी रंगापेक्षा गडद असायला हवा. आत-बाहेर एकच छटा असेल तर कापड एक तर फारसं वापरलं गेलेलं नाही, किंवा जुनं नाही. रंगाची रासायनिक तपासणीही होते, काही मिलिमीटर धागा पुरतो. कृत्रिम रंग निघाला तर प्रश्नच मिटला, कारण ते १८५६ नंतरचे. वस्तूचं वय सांगणाऱ्या कार्बन-१४ च्या अहवालावर मात्र पैसे घालवू नका. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंसाठी ती पद्धत १७वं, १८वं आणि १९वं शतक नीट वेगळं करू शकत नाही.

आणि थोडी विरळ वीण दिसली तर लगेच खोटं ठरवू नका. धागे कमी घालून माल खपवण्याची तक्रार बुर्सात १५०२ च्या बाजार-नियमांच्या वेळीच होती!

प्रश्न : माझे मेहुणे इस्तंबूलला जाणार आहेत. तिथल्या कापाली चार्शीतून, म्हणजे जुन्या छत असलेल्या बाजारातून, एखादा जुना तुकडा आणायला सांगू का?

उत्तर : नको. तुर्कस्तानचा १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा जुन्या सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई करतो आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. दुकानदाराची पावती विमानतळावर कामाला येत नाही. वस्तू बाहेर नेण्याजोगी आहे असा संग्रहालयाचा दाखला लागतो. ‘सगळे नेतात हो’ म्हणणारा दुकानदार मेहुण्यांबरोबर चौकीत येऊन बसणार नाही. तुर्कस्तानाबाहेर घेतानाही तो तुकडा तिथून कधी निघाला याचे कागद मागा: जुन्या लिलावाची सूची, पत्रव्यवहार, काहीही.

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या संग्रहातला एक चातमाचा तुकडा आमच्याकडे आहे. रुपं काळं पडलं आहे. पॉलिश केलं तर चालेल का?

उत्तर : हात लावू नका. चांदीचं पॉलिश त्या पातळ पट्टीचा उरलासुरला मुलामाही खरवडून काढेल आणि द्रव रेशमात मुरेल. पाणीही नको. धूळ काढायचीच तर वर जाळी धरून, अगदी कमी ओढीच्या व्हॅक्यूमने. इस्त्री तर मनातही आणू नका, एकदा चेपलेली लव उठत नाही. भिंतीवर लावलाच असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर नको, आणि तोही बारा महिने नको. घडी घालू नका, सपाट ठेवा. जागाच नसेल तर आम्लमुक्त कागद लावलेल्या जाड नळीवर लव बाहेरच्या बाजूला ठेवून, लवेच्या दिशेने गुंडाळा. दिशा हाताने कळते: एकीकडून मऊ लागतं, उलट फिरवलं की अडतं.

प्रश्न : विकत घेणं परवडत नाही. अस्सल चातमा कुठे बघायला मिळेल?

उत्तर : इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन. माझं मत विचाराल तर मॉस्कोच्या क्रेमलिनमधलं ‘शस्त्रागार’ नावाचं संग्रहालय चुकवू नका. ओस्मानी रेशमी कापडं तिथे रशियन धर्मगुरूंचे झगे होऊन बसली आहेत. मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर फोटो बरेच मोठे करून बघता येतात. आधी तिथे कमानींची ओळ आणि काठ बघायची सवय लावा, मग लिलावांच्या सूच्या चाळा.