जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडता येते का?

आपण विचारले आहे की, घरचा जुना डेस्कटॉप बंद पडला असून त्यातील ३.५ इंची हार्ड डिस्कमध्ये अनेक वर्षांचे फोटो आहेत, तर ती डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने नव्या लॅपटॉपवर उघडता येईल का, आणि कोणता अडॅप्टर घ्यावा. जोडता येते, आणि डिस्क शाबूत असेल तर फोटोही मिळतात. डेस्कटॉप सुरूच होत नाही तेव्हा दोष पुष्कळदा एसएमपीएस (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा), रॅम किंवा मदरबोर्डचा असतो, डिस्कचा नव्हे. म्हणून आशा सोडू नका.

आधी डिस्कची मागची बाजू पाहा. एल आकाराच्या दोन चपट्या जोडण्या शेजारी शेजारी दिसल्या, लहान ७ पिनांची आणि मोठी १५ पिनांची, तर ती साटा डिस्क आहे. दोन ओळींत मिळून सुमारे ४० बारीक पिना आणि बाजूला चार जाड पिना असतील तर ती जुनी आयडीई डिस्क आहे आणि तिला वेगळा अडॅप्टर लागतो. नागपूरच्या सीताबर्डीतील कॉम्प्युटरच्या दुकानात जाताना डिस्क सोबत न्यावी, म्हणजे चुकीची वस्तू गळ्यात पडत नाही.

खरी अडचण विजेची आहे, आणि अडॅप्टर घेताना नेमके याच गोष्टीकडे दुर्लक्ष होते. यूएसबी ३.० चा पोर्ट ५ व्होल्टला ९०० मिलीअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट इतकी वीज देतो. लॅपटॉपमधील २.५ इंची डिस्क एवढ्यावर चालते, पण ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि सुरू होताना काही क्षण ती जवळजवळ २ अँपिअर ओढते. त्यामुळे आपल्याला फक्त केबल असलेला स्वस्त अडॅप्टर उपयोगाचा नाही. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा पॉवर अडॅप्टर ज्याच्यासोबत येतो, तोच घ्यावा. धरमपेठेतील माझ्या परिचयाच्या एका छायाचित्रकारांनी लग्नाच्या फोटोंची अशीच डिस्क राउटरच्या १ अँपिअरच्या पॉवर अडॅप्टरवर लावली होती. डिस्क गुरगुरत फिरू लागे, दोन-तीन सेकंदांत मंदावे, पुन्हा फिरू लागे, आणि पडद्यावर तिचे नाव येऊन नाहीसे होई. त्यांना डिस्क गेली असे वाटले होते, पण पुरेशी वीज मिळताच ती नीट चालू लागली.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे घरातला कोणताही पॉवर अडॅप्टर पिन बसते म्हणून लावणे. लॅपटॉपच्या अनेक चार्जरमधून १९ व्होल्ट येतात आणि तेवढ्याने डिस्कच्या खालचे सर्किट क्षणात जळू शकते. अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा वाचल्याखेरीज तो लावू नये.

डिस्क कोरड्या लाकडी टेबलावर सपाट ठेवावी. तिच्या खालच्या बाजूचे सर्किट उघडे असते, त्यामुळे लोखंडी कपाट किंवा स्टीलचा ओटा नको. आधी डिस्क अडॅप्टरला जोडावी, मग वीज सुरू करावी, ती एका लयीत फिरू लागली की यूएसबी लॅपटॉपला लावावी आणि फिरत असताना तिला मुळीच हलवू नये. ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल तर ताबडतोब वीज बंद करावी. अशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने आतली तबकडी खरवडली जाऊ शकते. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यावी.

समजा डिस्क दिसली, पण विंडोजने ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे सांगितले, किंवा डिस्क मॅनेजमेंटने (विंडोजमधील डिस्क हाताळण्याच्या प्रोग्रॅमने) ‘इनिशियलाइझ’, म्हणजे डिस्कची नव्याने मांडणी, करण्यास सुचवले, तर दोन्ही ठिकाणी नकारच द्यावा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तो संदेश फोटो नाहीत असे सांगत नाही, विंडोजला डिस्कची मांडणी वाचता आली नाही एवढेच सांगतो. फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठे आहेत याची नोंद, बिघडलेली असू शकते, किंवा डिस्कवर लिनक्स असू शकते, आणि तसे असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लॅपटॉप थेट ज्यावरून सुरू करता येतो अशा पेनड्राइव्हवरून) तेच फोटो सरळ उघडतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप, लावलेले असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की किंवा पासवर्ड हवाच.

कॉपी करताना यूएसबी ३.० चा, बहुधा निळा असलेला, पोर्ट वापरावा. यूएसबी २.० वर सेकंदाला साधारण ३५ एमबी वेग मिळतो, म्हणजे ५०० जीबीला चार तास लागतात, ३.० वर जुनी डिस्कही हे काम दीड-दोन तासांत करते. आपण नागपूरचेच असल्याने उन्हाचाही विचार करावा लागेल. मे महिन्यात दुपारी खोलीच ४० अंशांच्या घरात असते, आणि कॅबिनेटच्या पंख्याविना उघड्यावर ठेवलेली डिस्क बराच वेळ चालली की ६० अंशांकडे सरकते, जी बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा आहे. म्हणून हे काम पहाटे करावे, डिस्कवर साध्या पंख्याची हवा घ्यावी. कूलरची दमट हवा थेट तिच्यावर नको. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान दिसते, मात्र काही अडॅप्टर ही माहिती लॅपटॉपपर्यंत पोहोचू देत नाहीत. तेव्हा हाताला चटका बसू लागला की थांबावे.

कॉपी संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून, डिस्क फिरायची थांबल्यावरच वीज काढावी. लॅपटॉपवर आलेल्या फोटोंपैकी वेगवेगळ्या फोल्डरमधील काही प्रत्यक्ष उघडून पाहावेत, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी त्यांची आणखी एक प्रत होईपर्यंत जुन्या डिस्कवरचे काहीही पुसू नये.