खापरपणजोबांच्या नावाखालची चार माणसं

पत्र : ताई, माझा नवरा अमेरिकन, सासर मिझुरीचं. सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला घराण्याचं छोटं पुस्तक छापायचं ठरलं आणि कागद शोधायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे खापरपणजोबा १८३०च्या दशकात केंटकीहून आले, रान तोडून शेत केलं, पुढे नामांकित वकील झाले, असं घरात सगळे अभिमानाने सांगतात. मला १८५०च्या जनगणनेतल्या गुलामांच्या यादीत त्यांच्या नावाखाली चार माणसं सापडली. त्यातच डीएनएच्या साइटवर एका कृष्णवर्णीय बाईंचा निरोप आलाय, ‘आपलं नातं जुळतंय, काही माहिती आहे का?’ नवरा म्हणतो, हे पुस्तकात नको. मी बाहेरून आलेली सून. बोलू की गप्प बसू? — कॅन्सस सिटीची सून

उत्तर : बोला. पण त्याआधी दोन आठवडे कागदांना द्या. चुकीच्या माणसावर आळ आला तर सासरे पुढचं काहीच ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच असेल.

पहिली शंका नावाची. त्या काळात एकाच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एकाच नावाचे दोघे-तिघे सर्रास असत आणि १८५०च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीचे नुसते आकडे. माणूस ओळखायचा तो जमीन आणि बायको यांवरून. सरकारकडून घेतलेल्या जमिनीचे मूळ दाखले संघीय भूमी खात्याच्या साइटवर फुकट बघता येतात. त्यातलं वर्णन मागून पुढे वाचायचं. आधी ३६ चौरस मैलांची टाउनशिप, तिच्यातला ६४० एकरांचा सेक्शन, मग त्याचा पाव, मग पावाचा पाव, म्हणजे ४० एकर. तो तुकडा पुढे विकला असेल तर काउंटीच्या दप्तरात विक्रीखत सापडेल. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा हक्क असे, म्हणून तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन ‘राजीखुशीने सोडतेस ना?’ असं विचारत आणि तसं खतावर लिहीत. त्यात तिचं नाव मिळतं. नाव तेच पण बायको वेगळी दिसली, तर आधी दुसरा माणूस समजा. एकाच माणसाची दुसरी बायको असू शकते, तेव्हा तारखा लावून बघा. वकिलीचा पुरावा सर्किट कोर्टाच्या हुकूमवहीत शोधा. तेव्हा बहुतेक वकील एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत पुस्तकं वाचून तयार होत, कॉलेजच्या पदवीमागे लागू नका.

आता ती यादी. तिच्यात मालकाचं नाव असतं आणि त्याखाली फक्त वय, लिंग, रंग. माणसांची नावं नसतात, त्यामुळे ती चौघं कोण हे त्या पानावरून कधीच कळणार नाही. एखाद्या मुलापुढे ‘मिश्र’ लिहिलं असेल तर त्यावरून बाप ठरवू नका. गणना करणारा डोळ्यांना दिसेल तसा रंग लिहायचा.

नावं असतात वारसा-प्रकरणात, म्हणजे माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेचं कोर्टात जे प्रकरण चालतं त्यात. मिझुरीत गुलामगिरी ११ जानेवारी १८६५ला संपली. खापरपणजोबा त्याआधी वारले असतील तर त्यांच्या मालमत्तेची मोजदाद काढा, काउंटीच्या कोर्टातून किंवा जेफरसन सिटीच्या राज्य अभिलेखागारातून. खाटा, गाई, कायद्याची पुस्तकं आणि त्याच रांगेत माणसं, नावानिशी, डॉलरच्या आकड्यासकट. ते नंतर वारले असतील तर त्यांच्या वडिलांचं आणि सासऱ्यांचं प्रकरण बघा, कारण माणसं बऱ्याचदा वारशात किंवा बायकोबरोबर येत.

डीएनएच्या साइटवरच्या त्या बाईंना हा कागद तुमच्यापेक्षा जास्त हवाय. गुलामीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत सरसकट येतात ती १८७०पासून. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागदच लागतात, आणि ते शोधायचं काम आज तुमच्याकडे आहे. त्यांना दोन ओळी आजच लिहा : निरोप मिळाला, कागद तपासते आहे, सापडेल ते पाठवीन. ‘आमच्या घराण्यातर्फे क्षमा’ वगैरे लिहू नका, ते तुमच्या हातातलं नाही. त्यांच्या घरातलं कोणी अमेरिकन गृहयुद्धात उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या कृष्णवर्णीय पलटणीत गेलं होतं का, तेही विचारा. मिझुरीतल्या त्या भरतीच्या नोंदींत मालकाचं नाव असे.

डीएनएचा अर्थ जपून लावा. चाचणी नवऱ्याची असेल तर सासऱ्यांचीही करून बघा, अर्थात ते राजी असतील तर. ते एक पिढी जवळचे. खापरपणजोबा एकच पण खापरपणजी वेगळ्या, असं नातं असेल तर सासरे आणि त्यांच्याच पिढीतला माणूस यांच्यात सरासरी ५० सेंटीमॉर्गनच्या (डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक) आसपास जुळणी निघते, आणि नातं खरं असूनही शून्य निघू शकते. जुळलं तरी त्यावरून घराणं कळतं, माणूस नाही. खापरपणजोबांचा भाऊ किंवा मुलगाही असू शकतो. इथे जबरदस्ती झाली असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा पुस्तकात ‘प्रेमप्रकरण’ हा शब्द मुळीच नको.

नवऱ्याची भीती मला वाटतं बापाला दुखवण्याची आहे, कागदाची नाही. म्हणून आधी त्याच्याबरोबर ती पानं बघा, मग दोघं मिळून सासऱ्यांकडे जा. वाढदिवसाच्या किमान महिनाभर आधी, घरी, छापील प्रत हातात देऊन. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत नको. तोवर ऑनलाइन वंशावळीत काही चढवू नका, नाहीतर नणंदेला फोनवर आधी कळेल.

ते म्हणतील, ‘पण ते तर भले वकील होते.’ वाद घालू नका. त्याच मिझुरीतले वकील एडवर्ड बेट्स, पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकनचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, यांनी १८४४मध्ये सेंट लुइसच्या कोर्टात एका गुलाम मुलीच्या सुटकेसाठी युक्तिवाद केला. त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते. गृहयुद्धात त्यांचे मुलगे दोन्ही बाजूंना होते. तुमच्या खापरपणजोबांनीही असा एखादा खटला लढवला असेल तर तो हुकूमवहीत सापडेल. सापडला तर तोही छापा.

पुस्तकात एक पान पुरे : मोजदादीच्या कागदाचा फोटो आणि खाली त्यातली नावं, जशी लिहिलीत तशी. नवरा तरीही नको म्हणाला तर ते पान गाळून पुस्तक छापू द्या, वाढदिवस सासऱ्यांचा आहे. त्या बाईंना मात्र प्रती पाठवाच. सरकारी दप्तरातले कागद आहेत, त्याला घरातल्या कोणाची परवानगी लागत नाही.