अबोल मुलगी आणि कॉफीचे काउंटर

"आमची मुलगी चारचौघांत तोंड उघडत नाही आणि हिला कॅफेत उभे राहून लोकांना कॉफी द्यायची आहे. मॅडम, तुम्हीच समजवा हिला." रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर बसण्यापूर्वीच वडिलांनी प्रश्न मांडला होता. मुलगी 22 वर्षांची, बी.कॉम. झालेली, ओढणीच्या टोकाशी चाळा करत जमिनीकडे पाहत होती. बरिस्ता, म्हणजे कॅफेत यंत्रावर कॉफी करून देणारा, होण्यासाठी नेमके काय लागते आणि संकोची स्वभावाच्या माणसाला ते जमते का, हा प्रश्न दापोलीपासून मालवणपर्यंत पर्यटकांमागोमाग कॅफे येऊ लागले तसा माझ्याकडे वारंवार येऊ लागला आहे. म्हणून या कुटुंबाच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

वडिलांची एस.टी. स्टँडजवळ चहाची टपरी आहे. "26 वर्षे मी चहा उकळला, तो हिने पुन्हा लोकांचे कप विसळावेत म्हणून नाही," हे वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत तीन वेळा उच्चारले. मुलीची घाई वेगळीच होती. एका मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण संस्थेने महिन्याभराच्या अभ्यासक्रमासाठी 45,000 रुपये मागितले होते, नोकरीची हमी दिली होती आणि सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा जाईल असे फोनवर बजावले होते. दुधाच्या फेसावर बदाम आणि पान काढलेल्या कपांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये भरलेले होते आणि आपल्याला ते काढता येईल की नाही, एवढीच तिच्या मते शंका होती. मी पैसे भरणे लांबणीवर टाकायला सांगितले. ज्या जागेसाठी सोमवारची मुदत घालावी लागते ती जागा मंगळवारीही रिकामीच असते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

त्यानंतर मात्र चूक माझी झाली. ग्राहकाशी बोलणे हाच या कामाचा कणा असणार असे गृहीत धरून मी दोन भेटी तिच्याकडून स्वागताची वाक्ये म्हणवून घेण्यात घालवल्या. तिने ती पाठ केली, न अडखळता म्हणून दाखवली आणि चेहरा मात्र तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठच राहिला. तिसऱ्या भेटीला आई सोबत आली होती आणि बोलता बोलता गणपतीचा विषय निघाला. त्यांच्या घरी आरतीला आणि भजनाला वाडीतली तीस-पस्तीस माणसे येतात आणि त्या सर्वांचा चहा ही मुलगी एकटी करते, कोणाला बिनसाखरेचा आणि कोणाला कोरा हे तिला विचारावेही लागत नाही, असे आई सहज सांगून गेली. मी मुलीला विचारले, हे तू कसे सांभाळतेस? तेव्हा ती पहिल्यांदा सलग बोलली. "कोण कुठे बसलाय ते मी आधी बघून ठेवते. बिनसाखरेचे कप ताटात डाव्या हाताला लावते आणि ते पहिले देऊन टाकते. मग उरलेल्यांत चूक होत नाही. भजनीबुवांना मात्र शेवटी, कारण त्यांचा अभंग संपेपर्यंत चहा गार होतो."

गर्दीच्या वेळी कॅफेत एकामागोमाग आलेल्या सात-आठ ऑर्डर डोक्यात क्रमाने लावणे म्हणजे याहून वेगळे काय असते? मी स्वागताच्या वाक्यांचा कागद बाजूला ठेवला आणि अनेक वर्षे कॅफे चालवणाऱ्या एका परिचितांकडे जाऊन या कामाची नीट माहिती घेतली.

त्यांनी मला यंत्रापाशी उभे केले. एका एस्प्रेसोसाठी, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या छोट्या दाट कॉफीसाठी, साधारण 18 ग्रॅम दळलेली कॉफी दांड्याच्या गाळणीत भरून सपाट दाबायची, 90 ते 96 अंश सेल्सियस तापमानाचे पाणी सुमारे 9 बार दाबाने तिच्यातून जाऊ द्यायचे आणि 25 ते 30 सेकंदांत कपात अंदाजे 36 ग्रॅम कॉफी उतरली पाहिजे. दळण जाड झाले तर पाणी भरकन निघून जाते आणि कॉफी पातळ, आंबट लागते. फार बारीक झाले तर थेंब थेंब गळते आणि कडू होते. कालची मांडणी आज चालेल याची खात्री नसते, कारण भाजलेली कॉफी दिवसागणिक जुनी होत असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत दळणही वेगळे वागते. त्यामुळे सकाळी दार उघडण्यापूर्वी दोन-तीन कप करून, चाखून, ओतून द्यावे लागतात. दूध 60 ते 65 अंशांपर्यंत तापवायचे असते. 70 च्या पुढे गेले की त्याचा गोडवा हरवतो आणि करपट वास येऊ लागतो. प्रत्येक वेळी वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसून थोडी वाफ मोकळी सोडायची, नाहीतर दूध तिच्यात वाळून बसते. फेसावरचे पान या सगळ्यानंतर येते. त्यांच्या अनुभवात शिकाऊ मुले पानामुळे सोडून जात नाहीत. आठ-नऊ तास उभे राहणे, दर अर्ध्या तासाने काउंटर पुसणे, रात्री यंत्र उघडून धुणे आणि सुट्टीच्या दिवशी सर्वांत जास्त काम असणे, यांमुळे जातात.

अबोलपणाचे काय, असे मी मुद्दाम विचारले. ते म्हणाले की बडबड्या मुलांची गोष्ट रंगते तेव्हा दूध उतू जाते. ग्राहकाचे ऐकून ऑर्डर एकदा परत म्हणून दाखवता आली आणि चूक झाल्यास "बदलून देते" एवढे वरमून न जाता म्हणता आले, की सुरुवातीला पुरते. हे मत थोडे एकांगी आहे असे मला अजूनही वाटते, कारण पुढे पर्यवेक्षक व्हायचे तर बोलावे लागतेच. पण पहिल्या वर्षासाठी ते मला पटले.

आम्ही ठरवले की शुल्क भरण्याआधी तिने या परिचितांकडे 15 दिवस काम करून पाहावे. पाचव्या दिवशी ती रडवेली होऊन आली. तिला यंत्राला हात लावू दिला नव्हता. कप, ट्रे आणि टेबले यांतच दिवस जात होते, संध्याकाळी पोटऱ्या भरून येत होत्या आणि तिच्या वर्गातली एक मुलगी पर्यटक म्हणून आली तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली होती. पायांवर उपाय सोपा होता: सपाट चपला सोडून जाड तळाचे बंद बूट घालणे आणि वजन एकाच पायावर न ठेवणे. वर्गमैत्रिणीच्या प्रसंगावर आम्ही तासभर बोललो. तिला लाज कामाची वाटत होती की बाबांची, हा प्रश्न मी विचारला आणि ती बराच वेळ गप्प राहिली. शाळेत असताना ती स्टँडवरून जाताना टपरीच्या विरुद्ध बाजूने चालत असे, एवढेच तिने अखेरीस सांगितले. ते मी तिच्या परवानगीशिवाय वडिलांना सांगितले नाही आणि तिने ती कधी दिली नाही.

नवव्या दिवशी तिच्या हातात ती गाळणी आली. पहिली एस्प्रेसो 14 सेकंदांत उतरली. दळण बारीक केल्यावर दुसरी 50 सेकंद रेंगाळली. तिसरी 28. हे ती माझ्यासमोर सांगत असताना शेजारी बसलेले वडील मध्येच म्हणाले, "पहिली आंबट लागली असणार. पूड जाड होती तुझी. चहातसुद्धा डस्ट लगेच उतरते, पत्तीला वेळ द्यावा लागतो." त्यांनी एस्प्रेसो जन्मात चाखलेली नव्हती. मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि मग दोघे, मी खोलीत आहे हे विसरून, पावसाळ्यात चहाची पूड डब्यात कशी धरते यावर बोलू लागले. अशा वेळी समुपदेशकाने काही न बोलणे उत्तम. मी घड्याळाकडेही पाहिले नाही.

45,000 रुपयांचा अभ्यासक्रम तिने घेतला नाही. मोठ्या कॅफे-साखळ्या नवख्यांना कामावर ठेवून स्वतःच शिकवतात, हे कळल्यावर तिने पुण्यात अर्ज केला. मुलाखतीआधी आम्ही विचारायच्या गोष्टी लिहून काढल्या: हातात येणारा पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, टिप कशी वाटतात आणि रात्रीची पाळी संपल्यावर घरी पोहोचण्याची सोय काय. अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, तिचा खर्च कोण करते, हेही त्यात होते. सुरुवातीचा पगार पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि जेवण भागवून फारसा उरणारा नाही, हे आम्ही कागदावर बेरीज-वजाबाकी करून पाहिले होते, तिचे बी.कॉम. तिथे प्रथम उपयोगी पडले.

वडिलांचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. कप विसळण्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, पण जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली, "गणपतीला सोडतील ना हिला?" सणासुदीला कॅफेत माणूस कमी करत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि रजा तिने रुजू होताच मागावी असे सुचवले. तिने ती पहिल्याच आठवड्यात मागितली. दीड दिवस मिळाला, दिवाळीचे चारही दिवस काम करण्याच्या बदल्यात. पुण्याहून रातराणीने आली, आरतीच्या माणसांचा चहा केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला वडिलांनी टपरी बंद ठेवून तिला स्टँडवर सोडले.