ईसानच्या गावात राहायला जाण्यापूर्वी

ईशान्य थायलंडमधील ईसान भागात तुम्ही एप्रिलमध्ये पोहोचणार असाल, तर 13 ते 15 एप्रिलचा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, तुम्हाला नक्की अनुभवता येईल. मात्र रस्त्यावरच्या पाणीखेळात रमण्याआधी वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी हळुवार ओतून आशीर्वाद घेण्याचा विधी चुकवू नका, कारण माझ्या मते या सणाचा गाभा तोच आहे.

गावकरी तुमच्या स्वागतासाठी किंवा निरोपासाठी ‘बायसी’चा विधीही योजू शकतात. माणसाचे ‘ख्वान’, म्हणजे अंगी वसणारे प्राणतत्त्व, शरीर सोडून भटकू नये, या श्रद्धेने केळीच्या पानांच्या सुबक रचनेभोवती सारे जमतात आणि ज्येष्ठ मंडळी आशीर्वाद देत तुमच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात. त्या वेळी एक हात पुढे करावा, दुसरा नमस्कारासारखा उभा धरावा आणि दोरा निदान तीन दिवस तरी काढू नये. तो कात्रीने कापणे तर टाळावेच.

विहारात बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. वस्तू द्यायची असल्यास ती भिक्खूंनी पसरलेल्या वस्त्रावर ठेवावी. पहाटेच्या भिक्षादानासाठी मात्र यजमानीणबाईंसोबत आवर्जून उठा आणि चिकट भात वाफवण्यास त्यांना मदत करा.